निसर्ग देवाची साक्ष देतो काय?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध, क्रांतिबा महात्मा जोतीराव फुले आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस अभिवादन करून मी आजच्या विषयाला हात घालतो.

विषय मंडळाने दिला आहे. 'निसर्गाकडे पाहून देव आहे असे सिद्ध होते काय?' हा विषय का दिला, हेही मला सांगण्यात आले. आपली मुलं शाळा-कॉलेजात जातात. तिथं त्यांचे मित्र विचारतात, "तुम्ही बौद्ध देव मानत नाही, मग हे जग केलं कुणी? डोंगर, समुद्र, पाऊस, आईच्या पोटातलं बाळ, हे काय आपोआप झालं?" मुलगा घरी येऊन आईला विचारतो, आई वडिलांना विचारते, वडील म्हणतात, "बाबासाहेबांनी सांगितलं आहे, देव नाही." उत्तर बरोबर असेल, पण नुसतं 'सांगितलं आहे' म्हणून ते मुलाला पुरत नाही आणि खुद्द बाबासाहेबांनाही ते पुरलं नसतं. तथागतांनी कालामांना हेच सांगितलं होतं की कुणी सांगितलं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका. तेव्हा आज आपण हा प्रश्न नीट तपासू.

प्रथम समोरच्याचं म्हणणं प्रामाणिकपणे मांडू या. १८०२ साली इंग्लंडातल्या विल्यम पेली नावाच्या धर्मोपदेशकाने एक दाखला दिला. माळावर घड्याळ सापडलं तर ते तिथं आपोआप उगवलं असं कुणी म्हणणार नाही. त्याची चक्रं, काटे पाहून आपण म्हणू, हे कुणीतरी बनवलं आहे. मग डोळा, पंख, फूल ही घड्याळापेक्षा कितीतरी गुंतागुंतीची. त्यांचा कर्ता नको काय? आपल्या आजीचं म्हणणंही तेच असतं. 'त्याच्या इच्छेशिवाय झाडाचं पान हलत नाही.' हे म्हणणं मूर्खपणाचं नाही. मोठमोठ्या माणसांना ते पटलेलं आहे.

आणि त्या मोठ्या माणसांत आपलेच जोतीराव फुले आहेत, हे विसरू नका. १८७३ साली सत्यशोधक समाज काढणारे जोतीराव निरीश्वरवादी नव्हते. त्यांच्या निधनानंतर १८९१ साली 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' प्रसिद्ध झाले. त्यात ते 'निर्मीक' मानतात. सूर्य, ग्रह, पृथ्वी, प्राणी हे सर्व ज्याने निर्माण केलं तो निर्मीक. म्हणजे निसर्गावरून कर्त्याकडे जाण्याचा मार्ग जोतीरावांनीही घेतला आहे. पण ते त्या मार्गाने कुठं पोचले ते पाहा. ते म्हणतात, निर्मीकाने सगळं सर्वांसाठी केलं आहे. त्याला मध्यस्थ लागत नाही, नैवेद्य लागत नाही. फुलं माणसांच्या उपयोगाची आहेत, ती निर्मीकाला वाहून काय मिळणार? आणि त्याने स्त्री-पुरुष सर्वांना सारखे हक्क दिले आहेत. ज्या काळात भटजीशिवाय लग्नही लागत नव्हतं, त्या काळात जोतीरावांनी देवाचं नाव घेऊन देवाच्या दलालांना बाजूला केलं. ही सामान्य गोष्ट नव्हती.

बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले या तिघांना गुरू मानलं. 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा १९४६ सालचा ग्रंथ त्यांनी जोतीरावांना अर्पण केला. पण सृष्टीच्या कर्त्याच्या बाबतीत ते जोतीरावांबरोबर थांबले नाहीत, तथागतांकडे गेले. गुरूचा आदर ठेवून गुरूच्या पुढं जाता येतं, याचं हे उदाहरण आहे. ते का पुढं गेले, हे समजून घेण्यासाठी आपण आपल्या घराजवळचाच निसर्ग पाहू. लांब हिमालयात जायची गरज नाही.

अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल नावाची टेकडी आहे. सुमारे दोनशे फूट उंच, सरळसोट उभा काळा कातळ. त्याच्याकडे खालून पाहिलं तर वाटतं, कुणी प्रचंड गवंड्याने पाच-सहा कडांचे खांब तासून एकमेकांना चिकटवून उभे केले आहेत. माथ्यावर गावदेवीचं मंदिर आहे. भाविक माणूस म्हणेल, हे देवाचंच काम. मग भूगर्भशास्त्र काय म्हणतं? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या या दख्खनच्या पठारावर जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वाहत होता. तो रस थिजताना आकसला आणि आकसताना त्याला भेगा पडल्या. उन्हाळ्यात गावचं तळं आटलं की तळाच्या गाळाला कशा भेगा पडतात, पाच-सहा कोनांच्या, ते तुम्ही पाहिलं असेल. तसंच हे. फक्त इथं भेगा वरून खाली खोल खोल गेल्या, म्हणून खांब तयार झाले. अमेरिकेत 'डेव्हिल्स टॉवर' नावाचा असाच खांबांचा डोंगर आहे. तिथल्या लोकांनी तो सैतानाच्या नावावर लावला, आपण देवीच्या नावावर. दगडाला दोघांचाही पत्ता नाही.

आता अंधेरीहून बोरिवलीला चला. राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत, शंभराहून अधिक. तीही याच लाव्हारसाच्या युगातल्या खडकात. तिथं चैत्य आहे, भिक्खूंच्या खोल्या आहेत, दगडी बाक आहेत, आणि डोंगरावरचं पावसाचं पाणी पन्हळीतून आणून साठवणाऱ्या पोढ्या आहेत. हे पाहून आपण काय म्हणतो? आपण म्हणतो, हे माणसांनी केलं. कशावरून? छिन्नीचे घाव दिसतात. अर्धवट राहिलेली कामं दिसतात. आणि भिंतीवर ब्राह्मी लिपीत दात्यांचे लेख आहेत. कल्याणच्या कुणा सोनाराने पोढी दिली, सोपाऱ्याच्या कुणी, कल्याणच्या व्यापाऱ्याने, भिक्खुणीने दान दिलं, असं तिथं कोरलेलं आहे.

मित्रहो, हा फरक नीट लक्षात घ्या. कान्हेरीला कर्ता आहे, कारण कर्त्याची खूण आहे. गिल्बर्ट हिललाही आकार आहे, रेखीवपणा आहे, पण कर्त्याची खूण नाही. तिथं उष्णता, थंडावा आणि आकसणं एवढ्या कारणांत सगळा उलगडा होतो. म्हणजे 'रेखीव आहे म्हणून कुणीतरी केलं आहे' हा नियम टिकत नाही. रेखीवपणा हा पुरावा होत नाही. पेलीच्या घड्याळाचं गणित इथं, अंधेरीतच, अडतं.

कुणी म्हणेल, दगडाचं ठीक आहे, जिवंत वस्तूंचं काय? तर भांडुप-मुलुंडच्या खाडीकडे जा, नाहीतर गोराईला जा. तिथं तिवराची झाडं आहेत. खारं पाणी, पायाखाली चिखल, चिखलात हवा नाही. दुसरं झाड तिथं आठ दिवसांत मरेल. तिवराची मुळं मात्र चिखलातून वर येतात, बोटांसारखी उभी राहतात आणि हवेतून श्वास घेतात. खाडीतल्या काही झाडांचं बी तर झाडावर असतानाच रुजतं आणि मग खाली पडतं. पाहून कुणीही थक्क होईल. ही सोय कुणी केली?

१८५९ साली चार्ल्स डार्विनने या 'कुणी' ऐवजी 'कशी' हा प्रश्न धरला. कोणत्याही जीवाची सगळी पिल्लं सारखी नसतात, थोडाथोडा फरक असतो. ज्या रोपाला खाऱ्या चिखलात थोडं जास्त तग धरता आलं ते वाचलं, त्याचं बी पडलं. ज्याला जमलं नाही ते गेलं. असं लाखो वर्षं, पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिलं, तर काय उरेल? चिखलात जगण्यालायक झाडच उरेल. मग ते मागून पाहणाऱ्याला खास त्या जागेसाठी बनवल्यासारखं दिसेल. त्यात कुठं जादू नाही, आणि नुसता अपघातही नाही. फरक अपघाताने पडतात, पण टिकणं अपघाताने होत नाही. 'मग काय आपोआप झालं?' या मित्राच्या प्रश्नाला हे उत्तर आहे. आपोआप झालं नाही, कारणांनी झालं.

आता याची दुसरी बाजू पाहू. देवाची साक्ष काढताना माणसं नेहमी मोर काढतात, कमळ काढतात, इंद्रधनुष्य काढतात. साक्षीदार निवडून आणले तर निकाल काय लागणार? कोर्टात उलटतपासणी असते. आपणही एक साक्षीदार बोलावू. आपल्या घराच्या भिंतीच्या कोपऱ्यात मातीचं इवलंसं घर बांधणारी कुंभारीण माशी. आपल्याकडे कीर्तनातून जुना दृष्टांत सांगतात की ती अळीला घरात कोंडते, अळी तिचं सतत ध्यान करते आणि शेवटी अळीचीच माशी होते. भक्तीचा दृष्टांत म्हणून ऐकायला गोड आहे. प्रत्यक्षात काय घडतं? माशी अळीला नांगी मारून लुळं करते, मारत नाही. तिला कोंडून तिच्याजवळ अंडं घालते. अंड्यातून माशीचं पिल्लू निघतं आणि त्या जिवंत, ताज्या अळीला खाऊन मोठं होतं. बाहेर येते ती अळीची माशी नव्हे, अळी खाल्लेली माशी.

डार्विनलाही अशाच एका जातीच्या माशीने विचारात पाडलं होतं. दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने मुद्दाम अशी योजना केली असेल हे आपल्याला पटत नाही, असं त्याने १८६० साली एका मित्राला पत्रातून कळवलं. म्हणजे निसर्गावरून देवाचा स्वभाव ठरवायचा तर मोरावरून ठरवायचा की कुंभारणीवरून? दोन्ही त्याचीच लेकरं ना? तथागतांनी राजपुत्र असताना शेतात नांगराच्या फाळाखाली चिरडलेले किडे आणि त्यांच्यावर झडप घालणारे पक्षी पाहिले, अशी कथा आहे. त्यांनी निसर्गाकडे पाहिलं तेव्हा त्यांना दुःख दिसलं, आणि त्या दुःखाचं कारण शोधायला ते निघाले.

आता देवी या शब्दाचंच बघा. जुन्या माणसांना आठवत असेल, घरात कुणाला 'देवी आल्या' की औषध बंद, कडुनिंबाचा पाला, ओटी आणि नवस. रोगालाच आपण देवी म्हणत होतो! निसर्गातली भीती म्हणजेच देव, याचा यापेक्षा उघड दाखला कोणता? त्या देवीने किती मुलं नेली, किती आंधळी केली, किती तोंडं कायमची व्रणांनी भरली. १७९६ साली जेन्नरने लस शोधली. भारतात पहिली लस टोचली गेली ती १८०२ साली आपल्या मुंबईतच, एका तीन वर्षांच्या मुलीला. १९७५ मध्ये भारतातला शेवटचा रोगी झाला आणि १९८० मध्ये हा रोग जगातून गेला असं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं. देवी कोपली नाही. ती गेली, कारण ती विषाणू होती. नवसाने न झालेलं काम घरोघर फिरणाऱ्या टोचणी करणाऱ्यांनी केलं. त्यांच्यापुढं माझी मान लवते.

यानंतर मी आपत्तींचा मुद्दा घेतो, कारण देवाची साक्ष काढताना माणसाचं सर्वांत मोठं नुकसान इथं होतं. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. हजारो माणसं मेली. महात्मा गांधी म्हणाले की अस्पृश्यतेच्या पापाची ही ईश्वरी शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोर गांधीजींना मानणारे, पण त्यांनी जाहीरपणे विरोध केला. निसर्गातल्या घटनेला नीतीचा अर्थ चिकटवणं अशास्त्रीय आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

बंधूंनो, क्षणभर विचार करा. हा दाखला वरवर पाहता आपल्याच बाजूचा होता. अस्पृश्यता पाप आहे, हे गांधीजी म्हणत होते. आपण टाळ्या वाजवायला हव्या होत्या काय? मी म्हणतो, नाही. भूकंपाने जात विचारली नाही. स्पृश्यांची घरं पडली तशी अस्पृश्यांचीही. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाच अन्यायाची शिक्षा, हा कुठला न्याय? आणि उद्या दुसरा कुणी उठून म्हणाला की महाडच्या तळ्याला हात लावला म्हणून दुष्काळ पडला, तर त्याला आपण कोणत्या तोंडाने अडवणार? खोटा पुरावा आपल्या बाजूचा असला तरी तो खोटाच. अस्पृश्यता वाईट होती ती माणसाचा अपमान करते म्हणून. त्यासाठी भूकंपाच्या सहीची गरज नाही.

आपल्या महाराष्ट्रात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन होऊन गावं झोपली होती. चारच्या सुमाराला जमीन हलली आणि लातूर-उस्मानाबादकडची हजारो माणसं झोपेतच गाडली गेली. तेव्हाही लोक म्हणाले, कोप झाला. पण माणसं मेली कशाने? जाडजाड दगडांच्या, नुसत्या मातीने बसवलेल्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद. धरणीकंप हा निसर्गाचा, पण छत अंगावर पडलं ते बांधणीमुळे. कोप म्हटलं की हात जोडून बसायचं. कारण म्हटलं की पुढचं घर नीट बांधता येतं.

२६ जुलै २००५ तर इथल्या बहुतेकांनी भोगला आहे. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पंचाहत्तर मिलिमीटरही नाही. पापाची शिक्षा म्हणावं तर मुंबईची सगळी पापं काय उपनगरातच राहतात? (हशा) साकीनाक्याला दरड कोसळली, कित्येक माणसं गाडली गेली. त्याआधी जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या टेकडीवरची दरड झोपड्यांवर आली आणि साठहून अधिक माणसं गेली. पाऊस निसर्गाने पाडला. पण दरडीखाली राहायला कोण होतं? ज्याला शहरात दुसरी जागा मिळत नाही तो. हे निसर्गाने ठरवलं नाही, देवानेही नाही. नाले बुजवले कुणी, मिठीचं पात्र आवळलं कुणी, टेकडी पोखरली कुणी, गरिबाला घर नाकारलं कुणी, याची उत्तरं महापालिकेत आणि मंत्रालयात मिळतात. 'देवाची करणी' म्हटलं की या सगळ्यांची सुटका होते. म्हणून हा प्रश्न नुसता तत्त्वज्ञानाचा नाही. आपल्या लोकांच्या जिवाचा आहे.

चमत्कारांबद्दल थोडक्यात बोलतो. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध प्यायले. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं की दूध मूर्तीवरून ओघळून खाली जातं, चमच्यातून ते ओढलं जातं ते द्रवाच्या पृष्ठताणामुळे. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या किनाऱ्यावर समुद्र गोड झाला म्हणून हजारो लोक बाटल्या भरून पाणी प्यायले, लहान मुलांना पाजलं. पावसाळ्यात मिठी नदीचं पाणी खाडीत येऊन खाऱ्या पाण्यावर तरंगत होतं, एवढंच. त्या पाण्यात सबंध शहराची घाण. पाणी पिऊ नका म्हणून सरकारी यंत्रणा ओरडत होती आणि लोक तीर्थ म्हणून पीत होते. त्या गर्दीत सर्व धर्मांचे लोक होते. आपलेही कुणी नव्हते, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

आता तथागत काय म्हणाले ते पाहू. तेविज्ज सुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन तरुण ब्राह्मण येतात. ब्रह्माकडे जाण्याचा कुणाचा मार्ग खरा, यावर त्यांचा वाद. भगवंत वाद सोडवत बसत नाहीत. ते साधा प्रश्न विचारतात. तुमच्यापैकी कुणी ब्रह्मा पाहिला आहे का? तुमच्या आचार्यांनी? आचार्यांच्या आचार्यांनी, सात पिढ्यांपर्यंत? उत्तर येतं, नाही. मग भगवंत अचिरवती नदीचा दाखला देतात. नदी दुथडी भरली आहे, माणसाला पैलतीरी जायचं आहे, आणि तो काठावर उभा राहून पैलतीराला हाका मारतो, 'ये, इकडे ये!' त्याच्या हाकेने पैलतीर येईल काय? नाही येणार. पोहावं लागेल, नाहीतर होडी आणावी लागेल.

पाली ग्रंथांत देवांचे उल्लेख आहेत, हे कुणी तुम्हाला दाखवेल. आहेत. पण तिथले देवही अनित्य आहेत, जन्ममरणाच्या फेऱ्यात आहेत. जग निर्माण करणारा आणि चालवणारा असा कुणी तिथं नाही. तिथं आहे तो प्रतीत्यसमुत्पादाचा नियम. कारण असेल तर कार्य होतं, कारण गेलं की कार्य जातं.

यावर विज्ञान शिकलेली मुलं एक चांगला प्रश्न काढतात. नियम आहे म्हणजे नियम करणारा नको काय? उत्तर असं की आपण 'नियम' हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरतो. सोसायटीचा नियम कमिटी करते, आणि तो मोडताही येतो. (हशा) पाणी उताराकडे वाहतं हा तसा नियम नव्हे. पाणी कसं वागतं त्याचं ते आपण केलेलं वर्णन आहे. आणि तरीही कुणी म्हणालं की सर्वाच्या मुळाशी कर्ता हवाच, तर मग त्या कर्त्याला कुणी केलं? तो स्वयंभू आहे म्हणाल, तर जगच स्वयंभू म्हणायला काय हरकत आहे? एक पायरी वाढवून जिना संपत नाही.

बाबासाहेबांच्या निर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात 'अधम्म म्हणजे काय' हे सांगताना त्यांनी ईश्वरावरील विश्वासाची चिकित्सा केली आहे. तिथंच, धम्म म्हणजे काय ते सांगताना, ते एक फार मोलाची गोष्ट सांगतात. ऋतू बदलतात, पाऊस येतो, हा ऋतुनियम. आंब्याच्या कोयीतून आंबा येतो, हा बीजनियम. तसाच माणसांच्या जगात नीतीचा नियम आहे, आणि तो ईश्वर सांभाळत नाही, माणसाचं कर्म सांभाळतं. चांगली कृत्यं झाली तर समाज चांगला राहील, वाईट झाली तर वाईट होईल. जबाबदारी माणसाची. 'देव नसेल तर माणसं कुणाला भिऊन नीट वागतील?' या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. १९२७ साली चवदार तळ्याचं पाणी जनावरं पीत होती आणि आपल्याला बंदी होती, तेव्हा गावोगाव देवळं काय कमी होती? देवाला भिणाऱ्यांनीच ती बंदी घातली होती. तळं खुलं झालं ते माणसांनी पावलं उचलली म्हणून.

आता एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. निसर्गावरून देव सिद्ध होत नाही, पण 'देव कुठंच नाही' हेही दुर्बिणीतून दिसत नाही. विश्वाचा आरंभ कसा, शेवट कसा, असल्या प्रश्नांवर तथागत मौन राहिले. मालुंक्यपुत्ताला त्यांनी सांगितलं, विषारी बाण लागलेला माणूस जर म्हणेल की बाण कुणी मारला, धनुष्य कसलं होतं, हे कळल्याशिवाय मी बाण काढू देणार नाही, तर तो मरेल. आधी बाण काढा. आपल्या वस्तीत बाण कमी आहेत काय? दारू आहे, बेकारी आहे, मुलींची शाळा मध्येच सुटते आहे, तरुण पोरं नाक्यावर बसलेली आहेत. ते काढायला हात लागतात.

म्हणून शेवटी घरातल्या काही गोष्टी बोलतो. राग मानू नका. बावीस प्रतिज्ञांची पाटी भिंतीवर असते आणि पोर आजारी पडलं की गुपचूप कुणाकडून तरी अंगारा येतो. ताप हा निसर्गाचा आहे, त्याला कारण आहे, कारणाला डॉक्टर आहे. दिवसभराचा उशीरही कधी जिवावर बेततो. दुसरं, आपण तथागतांनाच देव करायला निघालो आहोत. मूर्तीपुढं मेणबत्ती लावून 'पोराला नोकरी लागू दे' म्हणायचं, ही पैलतीराला हाक मारणंच झालं. वंदना करायची ती त्यांचे गुण आठवायला, मागण्यासाठी नव्हे. तिसरं, शेजारी गणपती बसवतो, कुणी नमाज पढतो, कुणी चर्चला जातो. त्यांच्याशी विचाराने बोला, टिंगल करू नका. संविधानाने प्रत्येकाला श्रद्धेचं स्वातंत्र्य दिलं आहे आणि त्याच संविधानाच्या कलम ५१ अ मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी वाढवणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. प्रश्न विचारण्याची किंमत डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात रक्ताने दिली. ती वाया जाऊ द्यायची नसेल तर घरात मुलांना प्रश्न विचारू द्या.

आणि चौथं. निसर्गात देव नाही म्हणून निसर्ग कोरडा होत नाही. पावसाळा संपला की मुलांना घेऊन कान्हेरीला जा. पोढीतलं पाणी दाखवा, सोनाराचं दान सांगा. एकदा गिल्बर्ट हिल दाखवा, तो खडक साडेसहा कोटी वर्षांचा आहे हे सांगा. खाडीतलं तिवर दाखवा. हे सगळं कुणी आपल्यासाठी केलेलं नाही, म्हणूनच ते जपायला दुसरं कुणी येणार नाही. टेकडी, खाडी, नाला आणि टेकडीखालची माणसं, हे सगळं सांभाळायचं ते आपणच.

वर्धापनदिनाच्या आपणा सर्वांना मंगल कामना देतो. 

नमो बुद्धाय. जयभीम.